गाणं आजीचं, बक्षीस माझं

भीमजयंतीच्या एका गीतलेखन स्पर्धेचा निकाल माझ्यासमोर आहे. पाच बक्षिसं, पाचही पुरुषांना. त्यातलं दुसरं माझं. म्हणून मित्रांनो, ही समीक्षा आधी माझी स्वतःची आहे.

मी हिंजवडीत खोली घेऊन राहतो, गिरणीत पाळी करतो. शाळा अर्ध्यावर सुटली. वामनदादा कर्डकांची गाणी ऐकत लिहायला शिकलो, असं मी सगळ्यांना सांगतो. ते खरं आहे, पण अर्धं. बक्षिसाच्या गीताची चाल आणि धृपदातली कल्पना माझ्या आजीची. ती जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या गायची. मी ओवी उचलली, यमक जुळवलं आणि खाली माझं नाव टाकलं. परीक्षक म्हणाले, भाषा अस्सल आहे. असणारच. ती माझी नव्हती.

आयोजक म्हणतात, बायांची गीतं येतच नाहीत. मग त्यांचे नियम वाचा. गीत लिहून दोन प्रती द्यायच्या आणि रात्री दहाला मंचावर स्वतः म्हणायचं. दिवसभर आयटी पार्कात लाद्या पुसून घरी भाकऱ्या थापणारी बाई दहाला कुठून येणार? आलीच तर आपण तिला कोरसात उभी करतो.

बाया रचत नाहीत हे तर धादांत खोटं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपला मुळशी तालुका, मावळ धरून महाराष्ट्रभरातल्या बायांच्या 1 लाखावर ओव्या जमवल्या. त्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायांच्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. घरच्यांनी टिपून ठेवलं म्हणून त्या गेल्यावर 1952 साली पुस्तक निघालं. म्हंजे ज्याला लिहिता येतं तोच कवी, ही अट लिहिणाऱ्यांनीच घातलेली. अक्षराची अट घालून माणसाला बाहेर कसं ठेवतात, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

दुसरं म्हणणं असं, की बाईचं गीत मवाळ असतं, लगेच ओळखू येतं. शांता शेळके यांनी 'वसंत अवसरे' या पुरुषी नावानं चित्रपटगीतं लिहिली. त्यानं गाणं अडलं नाही. मग आपणही नावं झाकून गीतं तपासू. परीक्षकांत निम्म्या बाया घेऊ. कार्यक्रम रविवारी दिवसा ठेवू. लिहिता येत नसेल तिचं गाणं मोबाईलवर रेकॉर्ड करून घेऊ, तिच्याच नावानं.

1942 साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं, की समाजाची प्रगती ते बायांच्या प्रगतीवरून मोजतात. ते माप आपल्या निकालाला लावून बघा.

मी मंडळाला चिठ्ठी दिली आहे : बक्षिसावर आजीचं नाव आधी लिहा, माझं नंतर. अजून उत्तर नाही. जय भीम.