खानोलकर, सावित्रीबाई

(२० जुलै १९१३–२६ नोव्हेंबर १९९०). परमवीर चक्र या भारताच्या सर्वोच्च युद्धकालीन शौर्यपदकाच्या अभिकल्पकार. मूळ नाव ईव्ह इव्होन मादाय द मारोस. जन्म स्वित्झर्लंडमधील नशातेल येथे. वडील हंगेरियन, आई रशियन. बालपण जिनीव्हात गेले. १९३२ मध्ये विक्रम खानोलकर या मराठी सेनाधिकाऱ्याशी विवाह. त्यांनी सावित्रीबाई हे नाव धारण केले व संस्कृत, मराठी आणि वेदान्त यांचा अभ्यास केला. महाराष्ट्रातील संतांवर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला.

स्वातंत्र्यानंतर मेजर जनरल हिरालाल अटल यांच्या सूचनेवरून त्यांनी परमवीर चक्राचा अभिकल्प केला. १५ ऑगस्ट १९४७ पासून अंमल धरून हे पदक २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झाले. काशाच्या वर्तुळाकार पदकाच्या मध्यभागी राजमुद्रा व तिच्याभोवती इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती आहेत. मागील बाजूस हिंदी व इंग्रजी अक्षरे आणि दोन कमळे असून फीत जांभळी आहे.

पदकावर शिवाजी महाराजांची तलवार असल्याचे अनेकदा सांगितले जाते. तथापि पदकाच्या अधिकृत वर्णनात तिचा निर्देश नाही. वज्राची निवड हेच या अभिकल्पाचे खरे मर्म होय. वृत्रवधासाठी दधीची ऋषींनी आपल्या अस्थी दिल्या व त्यांचे वज्र घडले, अशी कथा आहे. शस्त्र आणि आत्मार्पण हे दोन्ही अर्थ त्यामुळे एकाच आकृतीत सामावतात. १९९९ पर्यंतच्या २१ मानकऱ्यांपैकी १४ जणांना हे पदक मरणोत्तर मिळाले. पहिले मानकरी मेजर सोमनाथ शर्मा हे सावित्रीबाईंच्या मुलीचे दीर होत. मात्र हे प्रतीक केवळ मृत्यूचे नव्हे. एप्रिल १९४८ मध्ये शत्रूच्या माऱ्यात सुरुंग व अडथळे दूर करून रणगाड्यांना वाट मोकळी करणारे, आणि जिवंत परतलेले, सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांनाही ते तितकेच शोभते.

अभिकल्पाला मर्यादाही आहेत. फितीला लटकणारे पदक हा बाह्य घाट ब्रिटिश लष्करी परंपरेतील आहे; काशाचा वापरही १८५६ मध्ये स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया क्रॉसची आठवण देतो. लहान आकारामुळे वज्रांची आकृती दुरून स्पष्ट होत नाही व कथा ठाऊक नसणाऱ्यास तिचा अर्थ उमगत नाही. तरीही त्याखालोखालची महावीर व वीर चक्रे रुपेरी असताना सर्वोच्च पदक काशाचे असावे, हे त्यागाच्या कल्पनेशी सुसंगत ठरते.

परदेशी स्त्रीने भारतीय पदक घडविले, या नवलापुरतेच सावित्रीबाईंचे स्मरण पुष्कळदा मर्यादित राहते. त्यामुळे त्यांच्या निवडीमागील विचार झाकला जातो. विजयापेक्षा त्यागाला मध्यवर्ती स्थान देणारे प्रतीक त्यांनी पुराणकथेतून नेमके वेचले, यातच त्यांच्या कार्याचे महत्त्व आहे.