म्युझिक बंद कर ना, दोस्ता

कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स व्हॅलीच्या वाळवंटी खोऱ्यात, व्हाइट माउंटन्सच्या कड्यालगत उडणाऱ्या ग्लायडरचे व्हिडिओ मी रात्री मोबाइलवर बघतो. दोस्ताचं विमान चौकटीत आलं की मगच डोंगर केवढा ते कळतं (सर्वांत उंच शिखर ४,३४४ मीटर!), एरवी तो नुसता वॉलपेपर. पण मंडळी वर ढॅणढॅण म्युझिक टाकतात आणि घात करतात. इंजिनाशिवाय उडताय ना? तापलेल्या उतारावरून हवा वर चढतेय की नाही, ते व्हॅरिओमीटरची पिपपिप सांगते. ती थांबून सलग घरघर लागली की माझ्या पोटात गोळा येतो. तोच आवाज कापायचा? एकाने ठेवलाय. घरघर चालू असतानाच रेडिओवर मित्र म्हणतो, ‘इकडे वर जातंय, ये.’ हा वळतो. थोड्या वेळाने पुन्हा पिपपिप.