खून कोणी केला?

सिनेमा कळण्याच्या बाबतीत मी फक्त बी.कॉम. आहे. डाव्या बाजूला तिकिटाचे पैसे मांडायचे, उजव्या बाजूला गाणी, मारामाऱ्या आणि मध्यंतरातला बटाटेवडा. दोन्ही बाजू जुळल्या की सिनेमा चांगला. या पद्धतीवर माझी वीस वर्षं सुखात गेली. पण आमच्या खालच्या मजल्यावरचे प्राध्यापक एकदा पुण्याला जाऊन रसग्रहणाचा कोर्स करून आले आणि अख्खा जिना सुसंस्कृत करायचा त्यांनी चंग बांधला. त्यांच्या फिल्म क्लबात मी आणि ही, असे दोघे गेल्या महिन्यात अकिरा कुरोसावाचा 'राशोमोन' पाहून आलो. १९५० सालचा जपानी सिनेमा. काळापांढरा, ८८ मिनिटांचा, मध्यंतर नाही. म्हणजे उजवी बाजू सुरुवातीलाच कोरी.

गोष्ट तशी पंचनाम्याची. जंगलात एका सामुराईचा मुडदा सापडतो. पकडलेला दरोडेखोर सांगतो, मी त्याला मर्दासारखं लढून मारलं. सामुराईची बायको सांगते, माझी शुद्ध हरपली. डोळे उघडले तेव्हा माझाच खंजीर त्यांच्या छातीत होता. मग खुद्द मेलेला सामुराई एका मांत्रिक बाईच्या अंगात येऊन सांगतो, मी आत्महत्या केली. शेवटी एक लाकूडतोड्या सांगतो की तिघेही खोटं बोलतायत, मी झुडपाआडून सगळं पाहिलंय. त्याने पाहिलेली लढाई म्हणजे दोन घाबरट माणसांची लटपटती झोंबाझोंबी. आणि सिनेमा संपतो.

दिवे लागले. चहाच्या टेबलापाशी सगळे आपापला खंजीर घेऊन जमले.

"पण खून कोणी केला?" हिने विचारलं.

"वहिनी, तो प्रश्नच नाही," प्राध्यापक म्हणाले. "मियागावाचा कॅमेरा पाहिलात? पानांतून थेट सूर्याकडे रोखलाय! तोवर असं सहसा कोणी करत नसे."

एक निवृत्त वकील म्हणाले, "उलटतपासणी कुठाय? न्यायाधीशसुद्धा दाखवला नाही. साक्षीदार सरळ आपल्याकडेच बघून बोलतात. असा खटला पहिल्या तारखेला उडेल."

दाढीवाला एक तरुण कपात बघत म्हणाला, "सत्य सापेक्ष असतं." यावर सगळे गप्प झाले. हे वाक्य असं आहे की त्यावर माणसाला गप्प तरी बसावं लागतं, नाहीतर दुसरा चहा घ्यावा लागतो. मी दुसरा चहा घेतला.

घरी आल्यावर मला आपल्या अडाणीपणाची लाज वाटली. पण पुस्तकं चाळली तेव्हा जिवात जीव आला. शूटिंगच्या आधी कुरोसावाचे तीन सहायकच त्याच्याकडे आले होते, की पटकथा आम्हाला कळत नाही. त्याने समजावून सांगितलं, की माणूस स्वतःबद्दल बोलताना प्रामाणिक राहूच शकत नाही. थोडा मुलामा चढवल्याशिवाय त्याला राहवत नाही. दोघांना पटलं, तिसऱ्याला शेवटपर्यंत पटलं नाही. पैसे घालणाऱ्या डायेई कंपनीचे अध्यक्ष नागाता यांनाही सिनेमा पसंत नव्हता. पुढे जुलिआना स्त्रामिजोली या इटालियन बाईंनी आग्रह धरून तो व्हेनिसला पाठवायला लावला आणि १९५१ साली त्याला तिथला सर्वोच्च पुरस्कार, सुवर्णसिंह, मिळाला. कुरोसावाला तो तिकडे पाठवल्याचा पत्ताही नव्हता. १९५२ साली खास ऑस्करही आलं. पुढे नागातासाहेब टीव्हीवर सांगू लागले, की हे सगळं माझ्यामुळे! पाचवी साक्ष झाली की नाही?

जपानी समीक्षकांपैकी काही म्हणाले, गोऱ्यांना पौर्वात्य नवलाई आवडते, म्हणून बक्षीस. तिकडचे काही म्हणाले, बाकी ठीक, पण संगीत त्या राव्हेलच्या 'बोलेरो'सारखं का? एकूण काय, खुनाबद्दल चार जबान्या आणि सिनेमाबद्दल चारशे.

आता माझी जबानी.

मला त्या सिनेमात सर्वांत खरी वाटली ती एक हिशेबाची गोष्ट. तिघांपैकी कोणीही 'मी नाही त्यातला' म्हणत नाही. खून सगळे आपल्याच नावावर घेतात, जमा-नावे करायला तयार आहेत! नाकारतात ते फक्त भेदरलेपण. खुनी म्हणवून घ्यायला माणसाची हरकत नसते, भित्रा म्हटलेलं चालत नाही. सत्य सापेक्ष वगैरे काही नाही. सत्य तिथेच झुडपात पडलेलं आहे, उचलायची लाज वाटते एवढंच. आणि तो मोत्याचा खंजीर? तो साक्ष देणाऱ्या लाकूडतोड्यानेच लांबवलेला असतो. म्हणून तर खंजिराचं काय झालं ते त्याच्या साक्षीत येत नाही.

इथे मला खुर्चीत घाम फुटला होता. पंधरा वर्षांपूर्वी आमच्या शाखेत पाच हजारांची कॅश शॉर्ट आली होती. नवीन लागलेल्या कॅशियरने ती हप्त्याहप्त्याने खिशातून भरली. सगळ्यांचे लेखी जबाब झाले. मी लिहिलं, 'मी माझ्या कामात असल्याने काही पाहिले नाही.' चहाला जाताना कॅश केबिनचं दार मी उघडं टाकलं होतं, हे लिहिलं नाही. मला तेवढा खंजीर लपवायचा होता.

सिनेमाच्या शेवटी पडक्या दरवाजाखाली कोणीतरी टाकलेलं तान्हं मूल सापडतं. घरात सहा पोरं असलेला तोच लाकूडतोड्या त्याला उचलून घरी नेतो. पुष्कळ समीक्षक म्हणतात, हा गोड शेवट चिकटवलेला आहे. प्राध्यापकही तेच म्हणाले. मला नाही पटत. चोरी केलेल्या माणसाने काय करावं अशी यांची अपेक्षा आहे? सत्यावर व्याख्यान द्यावं? त्याने आपल्या ऐपतीत भरपाई केली. आमच्या खात्यात याला वसुली म्हणतात.

दुसऱ्या दिवशी धीर करून त्या कॅशियरला फोन लावला. आता तो दुसऱ्या शाखेत मॅनेजर आहे. सगळं सांगून टाकलं, पाच हजार देऊ केले.

तो हसायला लागला. "साहेब, तुम्ही कसले? दार मीच उघडं टाकलं होतं. म्हणून तर मुकाट्याने भरले."

मी म्हटलं, नाही, मीच. तो म्हणाला, छे, मीच. दहा मिनिटं आम्ही त्या दारावर हक्क सांगत होतो. तो खरं बोलत होता की माझं मन राखत होता, कळलं नाही. आणि माझ्या कबुलीतही थोडा दरोडेखोराचा रुबाब होताच, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं. पैसे त्याने घेतले नाहीत.

ही शेजारी भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, "ते सगळं असू दे. पण मग पैसे नेले कोणी?"