अल्लादीनची अम्मा कुठे गेली?

डिस्नेचा 'अल्लादीन' १९९२ सालचा. तरी आजही आमच्या फलटणच्या घरांतून तो लागला की दादीपासून नातवापर्यंत सगळे पडद्यासमोर बसतात. सुलतान, शहजादी, बाजार, अल्लाहचे नाव, असे ओळखीचे जग परक्यांच्या चित्रपटात क्वचितच दिसते. नायकही कोणी राजपुत्र नाही, भाकरीसाठी पळणारा फाटका पोर आहे. शिवाय जिन्न धमाल हसवतो.

मात्र एक गोष्ट आम्हाला खटकते. हलबच्या हन्ना दियाबने ही कथा १७०९ साली पॅरिसमध्ये आंत्वान गालांना ऐकवली आणि त्यांच्या फ्रेंच ग्रंथातून ती जगभर गेली. (मराठीत हे कथाविश्व आणण्यास कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभ केला.) गालांच्या कथेत मुस्तफा शिंपी मरतो. त्याची विधवा दुकान विकते, सूत कातते, उनाड पोराला पोसते. रत्नांचे तबक घेऊन दिवसामागून दिवस सुलतानाच्या दरबारात उभी राहते तीही तीच. शहजादीला मागणी घालण्याची हिंमत तिची! डिस्नेने अल्लादीनला अनाथच करून टाकले. हॉवर्ड ॲशमन यांच्या पहिल्या आराखड्यात आई होती, तिच्या संदर्भात एक गाणेही रचले होते; पुढे दोन्ही गळाले. शहजादीलाही बाप आहे, आई नाही. कुटुंबांसाठी काढलेला हा चित्रपट! शिलाई मशीनवर घर ओढणाऱ्या अम्मा आपल्या मोहल्ल्यात किती आहेत, हे काय सांगायला हवे? त्यांच्या मुलांना पडद्यावर आपले घर दिसता दिसता राहून जाते.

सुरुवातीच्या गाण्यातील कान कापण्याची ओळ अमेरिकेतील अरबांच्या निषेधानंतर १९९३ साली बदलली गेली. पण मूळ इंग्रजीत नायक-नायिका अमेरिकी वळणाने बोलतात आणि पहारेकरी, फेरीवाले परक्या हेलाने, ते तसेच राहिले. फलटणकरांना हेलाचे मोल नवे नाही. मॅक्सीन बर्नसन यांनी आपला प्रबंध याच गावच्या बोलीभेदांवर लिहिला. घरी दखनी आणि वर्गात पुस्तकी मराठी बोलणाऱ्या आपल्या पोरांना तर कोणत्या बोलीला कोण हसते ते पक्के ठाऊक असते.

चित्रपटाने केलेला एक बदल मात्र आम्हाला मनापासून आवडतो. गालांच्या कथेत दिव्याचा जिन्न अखेरपर्यंत गुलामच राहतो. इथे अल्लादीन आपली तिसरी इच्छा त्याच्या सुटकेसाठी खर्च करतो. गुलामाला आझाद करणे हे आपल्याकडे मोठ्या सवाबाचे काम. तोवर पेंगत असलेली वडीलधारी मंडळीही तेवढ्यापुरती सावरून बसतात.

तेव्हा मुलांना चित्रपट खुशाल दाखवावा. पण तो संपल्यावर टीव्ही बंद करून दादी-नानींनी उरलेली गोष्ट सांगावी: अम्माने तबक रुमालात बांधले आणि ती दरबाराकडे निघाली, तिथपासून.