यशोगाथेतला एकटा मास्तर

गेल्या दहा-बारा वर्षांत मराठीत एक नवा वाङ्मयप्रकार रुजला आहे आणि आमच्या समीक्षकांनी त्याची दखलही घेतलेली नाही. त्याचे नाव यशोगाथा. २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या शासननिर्णयानंतर या गाथांचे पीक आले. साचा ठरलेला. आडवळणाचे गाव, पडकी शाळा, एक धडपड्या मास्तर. तो पदरमोड करतो, वर्गणी गोळा करतो, प्रोजेक्टर बसवतो, पोरे टॅब हाताळू लागतात, शेवटी सत्कार. या गाथेत दुसरा मास्तर नसतोच. आणि वेळही नसतो. हा धडा रचला केव्हा, कोणाबरोबर बसून रचला, हे गाथाकार कधी सांगत नाहीत.

परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० साली दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. हे काम एकट्याचे नसते, असा मी त्या कृतीचा अर्थ लावतो. गाथाकारांना तिच्यात फक्त औदार्य दिसले.

मी वरठीचा. भंडारा रोड स्टेशन आमच्याच गावात, सनफ्लॅगचा पोलाद कारखानाही येथेच, आणि भोवती धानाच्या बांध्या. येथल्या सातवीच्या पोराला लोखंड शिकवायचे कसे? पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड 'दीक्षा' नावाच्या ॲपवर नेतो. (नागपूरच्या एवढ्या जवळ राहणाऱ्याला हा शब्द असा वापरलेला पाहून जरा हसू येते.) तेथली मराठी प्रमाण, पोराच्या घरची झाडी. आता समजा, विज्ञानाच्या बाई, मराठीचे नि गणिताचे गुरुजी आठवड्यातून दोन तास एकत्र बसले. भट्टीवर काम केलेल्या एखाद्या बापाची मुलाखत पोरांनीच मोबाईलवर टिपायची. त्यातले झाडीबोलीचे शब्द मराठीच्या तासाला, पाळी आणि मजुरीचा हिशेब गणिताला, आणि शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळते म्हणजे नेमके काय होते, ते चित्रफितीसह विज्ञानाला. असा धडा पुण्यात बसून कोणाला रचता येणार नाही. तो वरठीतच रचावा लागेल, आणि तिघांनी मिळून.

वेळ कायद्यात आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास सांगितले आहेत आणि त्यांत तयारीचे तास धरले आहेत. सहावी ते आठवीला वर्षाचे २२० दिवस, अध्यापनाचे १००० तास. म्हणजे दिवसाला साडेचार, आठवड्याला सत्तावीस. कागदावर अठरा तास उरतात. ते खातो कोण? पोषण आहाराचा हिशेब, यू-डायस, सरल, मतदारयाद्या. कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक यांची वाट मोकळीच ठेवली आहे. ज्या मोबाईलवर धडा फुलायचा, तोच माहिती मागवून मागवून धडा रचण्याचा वेळ गिळतो. खालच्या वर्गांची दशा तर याहून बिकट. साठ पटापर्यंत दोनच शिक्षक. एक बैठकीला गेला की दुसऱ्याने पाचही वर्ग राखायचे.

केंद्राची शिक्षण परिषद आहेच की, असे कोणी म्हणेल. अशा परिषदांत मी बसलो आहे. स्वागत, सूचनावाचन, तक्ते भरणे, फोटो. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने वर्षाला ५० तासांचे प्रशिक्षणही सांगितले आहे. पण प्रशिक्षणात मास्तर ऐकतो. नियोजनात तो रचतो. जपानी शिक्षक एकच धडा मिळून रचतात, एकजण शिकवतो, बाकीचे मागे बसून पोरांकडे पाहतात, आणि मग तो धडा पुन्हा मांडतात. ही रीत तेथे शंभर वर्षांहून जुनी आहे.

मला हा प्रश्न यंत्रांचा वाटत नाही. जात म्हणजे नुसती श्रमाची विभागणी नव्हे, ती श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. धडा रचणारे वर आणि कळ दाबणारे खाली, ही विभागणी त्याच जातकुळीची आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत आज कोणाची पोरे उरली आहेत, हे वाचकांना मी सांगायला नको. त्यांच्या मास्तराला विचार करण्याची उसंत नसेल, तर त्या पोरांच्या वाट्याला दुसऱ्याने केलेला विचारच येणार.

वेळ दिला तर मास्तर चहा पीत बसतील, हा आक्षेप मी ऐकला आहे. पितील. कारखान्यातले अभियंतेही पितात, नकाशा समोर ठेवूनच. तेव्हा मागणी एवढीच आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दोन तास, कामाचे तास म्हणूनच धरलेले. शेजारच्या तीन-चार शाळांच्या शिक्षकांनी एका शाळेत इयत्तावार बसावे, म्हणजे दोनशिक्षकी शाळेतल्यांनाही सोबती मिळेल. आणि त्या दोन तासांत वरून कोणी कसलीही माहिती मागवू नये, त्या बैठकीचा अहवालसुद्धा.