पदवीचे नाव आणि पदवीचे अंतरंग

सैद्धांतिक पदार्थविज्ञानाकडे वळू इच्छिणाऱ्याने पदवी गणिताची घ्यावी की पदार्थविज्ञानाची? या प्रश्नाचे उत्तर मराठी विद्यार्थी साहजिकच कै. जयंत नारळीकर यांच्या 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रात शोधतो. १९५७ साली बनारस हिंदू विश्वविद्यालयाची बी. एस्सी., १९५९ साली केंब्रिज येथे गणिताच्या ट्रायपॉसमध्ये सीनिअर रँग्लरचा मान, १९६३ साली फ्रेड हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच. डी. हा क्रम पाहून गणितच श्रेयस्कर, असा निष्कर्ष निघतो.

हा निष्कर्ष तपासून घेतला पाहिजे. केंब्रिजच्या गणित-पदवीत यामिकी, विद्युत्चुंबकत्व, पुंजयामिकी हे विषय गणिताचेच अंग मानलेले आहेत. १९५९ साली तेथे जो विभाग स्थापन झाला, त्याच्या नावातच अनुप्रयुक्त गणित व सैद्धांतिक पदार्थविज्ञान ही दोन्ही एकत्र आहेत. आपल्याकडील गणिताच्या पदवीत मात्र भर बहुधा विश्लेषण व बीजगणित यांवर असतो, आणि पुंजयामिकी पदार्थविज्ञानाच्या वाट्यास जाते. नाव एकच, अंतरंग भिन्न. शिवाय नारळीकरांचे वडील विष्णु वासुदेव हे बनारसला गणिताचे प्राध्यापक असून सापेक्षतावादाचे संशोधक होते. या दोन शास्त्रांतील भिंत त्या घरात नव्हतीच.

तथापि, 'पदवी कोणतीही चालते' हेही खरे नव्हे. पॉल डिरॅक यांनी १९२१ साली ब्रिस्टल येथे विद्युत-अभियांत्रिकीची पदवी घेतली. आसन्न मूल्यांचे महत्त्व आपणास अभियांत्रिकीने शिकविले, असे ते पुढे सांगत. परंतु त्यानंतर त्याच ठिकाणी त्यांनी गणिताचा अभ्यासक्रम १९२३ साली पूर्ण केला आणि मगच ते केंब्रिजला गेले. पहिल्या पदवीतील उणीव दुसऱ्या अभ्यासाने भरून निघाली, हे विसरता कामा नये.

तेव्हा विद्यार्थ्याने पदवीचे नाव न पाहता तिचा अभ्यासक्रम वाचावा. वैश्लेषिक यामिकी, विद्युत्गतिकी, सांख्यिकीय यामिकी व पुंजयामिकी. त्यांच्या जोडीस अवकल समीकरणे व रैखिक बीजगणित. आणि मोजमापाची जाण देणारी थोडी प्रयोगशाळा, यांपैकी जे नसेल ते पदवी हाती पडण्यापूर्वीच स्वतंत्रपणे मिळविले पाहिजे.

परंतु सगळा भार विद्यार्थ्यावर टाकणे न्याय्य नाही. सतराव्या-अठराव्या वर्षी केलेली निवड एम. एस्सी.च्या प्रवेशद्वाराशीच कायमची ठरून जात असेल, तर तो दोष निवडीचा नव्हे, त्या द्वाराचा आहे. गणिताच्या पदवीधरास पूरक अभ्यासाच्या अटीवर आत घेणे विभागांना अशक्य नाही.