कागद वेचणाऱ्या बाईची रोजनिशी : ‘क्वार्तो दे देस्पेजो’

आत्मचरित्र आणि रोजनिशी यांतला फरक तुम्हाला पाठ असेल. आत्मचरित्र मागे वळून लिहिले जाते, रोजनिशी त्या त्या दिवशी. हा फरक परीक्षेत दोन गुणांचा वाटतो; पण लिहिणाऱ्या बाईला उद्या चूल पेटेल की नाही हेच ठाऊक नसेल, तर तो फार मोठा होतो. आत्मचरित्र लिहिणाऱ्याला निदान आपण जगलो एवढे माहीत असते. कारोलिना मारिया दे झेझुस हिला तेही माहीत नव्हते.

कारोलिनाचा जन्म १९१४ चा, ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यातला. त्या देशात गुलामगिरी १८८८ मध्ये कायद्याने संपली, म्हणजे हिच्या आजोबांच्या पिढीने ती पाहिलेली. शाळा जेमतेम दोन वर्षे. पुढे साओ पावलो शहरात घरकाम, आणि मग तिएते नदीकाठच्या कानिंदे या झोपडपट्टीत तीन मुलांसह एकटीचा संसार. ती रस्त्यावरचा कागद आणि भंगार वेचून विकायची आणि कचऱ्यात सापडलेल्या वह्यांत लिहायची. १९५८ मध्ये आउदालिओ दांतास हा तरुण पत्रकार वस्तीवर बातमी करायला गेला, त्याच्या हाती या वह्या लागल्या, आणि १९६० मध्ये पुस्तक निघाले. ते हातोहात खपले, अनेक भाषांत गेले. शीर्षकाचा अर्थ ‘अडगळीची खोली’. शहर हा दिवाणखाना आणि आम्ही मागच्या खोलीत टाकलेले सामान, असे ती म्हणते.

आता पुस्तकाकडे वळू. पहिलीच नोंद १५ जुलै १९५५ ची. मुलीचा वाढदिवस आहे, तिला बूट घ्यायचे आहेत, पैसे नाहीत. कचऱ्यात एक जोड सापडतो; आई तो धुऊन, शिवून मुलीला घालते. शेवटची नोंद १ जानेवारी १९६० ची : पहाटे उठून ती पाणी भरायला जाते. मधल्या पानांत तेच ते आहे. नळावरची रांग, कागदाचे मिळालेले पैसे, भाकरी-तांदळाचे भाव, शेजाऱ्यांची भांडणे, मुलांची भूक. काही वाचकांना ही पुनरावृत्ती कंटाळवाणी वाटते. मी अभियांत्रिकी शिकवतो, त्यामुळे मला ती निरीक्षणवही वाटते. आमच्या प्रयोगशाळेत मुले सरासरी लगेच काढतात, वाचने मात्र शेजाऱ्याच्या जर्नलमधून उतरवतात! कारोलिना सरासरी काढतच नाही. तिच्याकडे फक्त वाचने आहेत : आज इतके मिळाले, इतके गेले, उरले काही नाही. दारिद्र्य ही एक घटना नसून रोज पुन्हा करावा लागणारा हिशेब आहे, हे या कंटाळ्यातूनच कळते. संपादकानेही पुनरावृत्ती टाळण्यासाठी बराच मजकूर गाळला. ती सगळी असती तर पुस्तक अधिक खरे झाले असते, असे माझे मत.

सामाजिक आशय म्हणून तुम्ही ‘भूक, वंश, स्त्रीजीवन’ अशी यादी कराल. यादीपेक्षा दोन नोंदी वाचा. पहिली १३ मे १९५८ ची, गुलामगिरी संपल्याच्या स्मरणदिनाची. त्या दिवशी बाहेर पाऊस आहे, घरात खायला नाही, आणि आजची खरी गुलामगिरी म्हणजे भूक असे ती नोंदवते. कुबिचेक यांच्या कारकिर्दीतला हा ब्राझील. ब्राझिलिया ही नवी राजधानी तेव्हा उभी राहत होती. दुसरी नोंद एका मुलाची. उकिरड्यावरचे सडके मांस तो भाजून खातो आणि दुसऱ्या दिवशी मेलेला सापडतो. त्याचे नावही कुणी विचारत नाही. या प्रसंगात ती रडगाणे गात नाही. काय दिसले तेवढे लिहून पुढे जाते.

मात्र तिला देवी बनवू नका. शेजारणींबद्दल ती तुच्छतेने लिहिते, उत्तरेकडून आलेल्या लोकांबद्दल तिच्या मनात आकस आहे, आणि भांडण झाले की ‘पुस्तकात तुमचे नाव घालीन’ अशी धमकी देते. गरीब माणूस गरिबांचा कैवारीच असतो, ही कल्पना आपली, सुखवस्तू वाचकांची. लेखणी हे तिच्याजवळचे एकमेव हत्यार होते आणि ती ते सर्वांवर चालवते, निवडणुकीपुरत्या येणाऱ्या पुढाऱ्यांवरही.

एक वाद तुम्हाला माहीत हवा. दांतास यांनी तिच्या व्याकरणाच्या चुका तशाच छापल्या. त्यामुळे भाषा जिवंत राहिली, हे खरे. पण दोनच वर्षे शाळा पाहिलेली कुतूहलाची वस्तू, असेही तिचे रूप झाले. तिला कविता, कादंबऱ्या, नाटके लिहायची होती; जगाला हवी होती ती झोपडपट्टीतली बाई. विटांच्या घरात गेल्यावरचे दुसरे पुस्तक (१९६१) पहिल्यासारखे चालले नाही. त्यात तिने श्रीमंतांच्या जेवणावळींतला परकेपणा लिहिला होता, आणि तो वाचायला गिऱ्हाईक कमी होते. १९७७ मध्ये ती गेली तेव्हा पुन्हा हलाखीतच होती.

तुमच्यापैकी अनेकांनी अकरावीच्या हिंदीत बेबी हालदार यांच्या ‘आलो आँधारि’मधला भाग वाचला असेल. घरकाम करणाऱ्या बाईला तिथेही एका शिकलेल्या पुरुषाने वही-पेन दिले. कारोलिना मात्र दांतास भेटण्याच्या कितीतरी आधीपासून लिहीत होती. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून पुढील पाठाला या, आणि येताना एवढे पाहून ठेवा : दोन्हींत दिवसाची सुरुवात कोणत्या कामाने होते, आणि लिहायला वेळ कधी मिळतो?